लाल अक्षरांतली बहीण

योकोते, १४ ऑक्टोबर २०१८

मोरिहिको,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही. राहून गेलं असं समजू नकोस.

सफरचंदांची पेटी पोचली. योकोतेत राहणाऱ्या माणसाला सफरचंदं पाठवायची अक्कल तुझ्याच घरात सापडेल. आमच्या दुकानाच्या मागच्या खिडकीतून सफरचंदांच्या बागांखेरीज काही दिसत नाही. शिगेहारुने पेटी उघडली, आत डोकावला आणि हातांनी मला म्हणाला, "तुझ्या भावाला काहीतरी हवंय." माझा नवरा जन्मात शाळेत हुशार नव्हता, पण माणसं ओळखतो. गिऱ्हाइकाचं डोकं पाठीमागून बघूनच तो सांगतो, हा उधारी ठेवणार.

पत्र तू पेटीच्या तळाशी ठेवलं होतंस. आधी गोड खा, मग वाचा. शाळेत उपमुख्याध्यापक होतास तेव्हा पोरांना असंच करायचास का?

तू लिहितोस, "ताई, तुझा खटल्याचा निर्णय मी समजू शकतो." आईच्या अंत्यविधीत आम्हा दोघांना शेजाऱ्यांच्या रांगेत बसवलंस, त्यानंतर तू मला लिहिलेलं हे पहिलं वाक्य. समजू शकतोस म्हणे. पुढे लिहितोस, "पण नाव देऊ नकोस. बाकीचे वादी टोपणनावाने लढतात, तूही तसं कर. आकानेचं लग्न ठरत आलंय. कुरोइवा मंडळी जुन्या वळणाची आहेत, चौकशी करतात."

चौकशी करतात हे तू मला सांगतोस? अरे, कुणाच्या सोयरिकीची चौकशी चालू आहे ते सगळ्यांत आधी न्हाव्याला कळतं. चौकशीचा माणूस दाढीला येऊन बसतो आणि शेजारच्या खुर्चीवरच्याला हळूच विचारतो, त्या घरात कुणी वेडंबिडं? फेफरं? पांगळं? दुकानदार नवराबायको बहिरे, म्हणून तो बिनधास्त असतो. त्याचे ओठ मला आरशात दिसत असतात. मी वस्तरा पुसत त्याचं सगळं वाचून घेते. तुझ्या लेकीसाठीही कुणी आला असेल तर तो याच खुर्चीवर बसून गेला असेल.

तर नावाचं. मी नाव देणार. त्या नसबंदीच्या कायद्याच्या पहिल्याच कलमात माझ्यासारखीच्या पोटी येणाऱ्या मुलांना नाव दिलेलं होतं: निकृष्ट संतती. युद्ध हरल्यावर देश पुन्हा उभा करायला बसलेल्या शहाण्या लोकांनी संसदेत एकमताने दिलेलं नाव. एकानेही हात आखडला नाही. माझ्या न झालेल्या मुलांचं बारसं सरकारने करून टाकलं, आणि मी माझं नाव लपवू? आकानेच्या नवऱ्याच्या आजीला जेवण पचावं म्हणून?

आता तुझ्याशी बोलायचं खरं कारण. सरकार म्हणतं, पुरावा दाखवा. दवाखाना पाडून तिथे गाड्या लावायची जागा केली आहे. डॉक्टर गेला. आई गेली, सासूबाई गेल्या. ऑपरेशन माझं करायचं की शिगेहारुचं, हे त्या दोघींनी चहा पिता पिता ठरवलं होतं. हे ठाऊक असलेला आता उरला आहेस तू एकटा. तू एकोणीस वर्षांचा होतास, घोडा झाला होतास, आणि आईबरोबर दवाखान्यात आला होतास, कारण आईला माझ्याशी बोलता यायचं नाही. ती नुसतं तोंड मोठं करायची. त्या घरात माझ्याशी बोलणारे हात फक्त तुझे होते. शेगडीपुढे बसून लहानपणी आपणच ती भाषा बनवली होती, तुझी नि माझी.

त्या हातांनी तू म्हणालास, "अपेंडिक्स आहे. लग्नाआधी काढलेलं बरं."

आईचे ओठ असते तर मी दोनदा निरखून बघितले असते. तुझे हात होते म्हणून मी कपडे बदलून टेबलावर चढले. पुढे काही वर्षांनी दुसऱ्या गावच्या डॉक्टरणीने कागदावर लिहून विचारलं, की तुमच्या नळ्या कुणी बांधल्या. मी तो कागद घेऊन माहेरी आले तेव्हा तू परसात सायकल पुसत होतास. पुसतच राहिलास.

माफी मागायला बोलवत नाही. ती तुझ्याकडे ठेव, म्हातारपणी उपयोगी पडेल. न्यायालयात येऊन एवढंच सांग, की ते झालं.

सफरचंदं फेकून दिली.

किनुए
(पूर्ण नाव आहे. डोळ्यांना सवय कर.)


योकोते, ९ जून २०१९

मोरिहिको,

माझ्या पत्राला उत्तर नाही. ठीक. पण तुझी मुलगी काल येऊन गेली.

मी तिला ओळखलं नाही. शेवटचं बघितलं तेव्हा पाठीवर दप्तर होतं. दुकानात आली, ओळीने वाकून नमस्कार केले, मला, शिगेहारुला आणि चुकून खुर्चीवरच्या गिऱ्हाइकालाही. मग फोनवर मोठाल्या अक्षरांत लिहून माझ्यापुढे धरलं: "आत्या, तुम्ही आमच्या घरी वारला आहात."

मी लिहिलं, "कधीपासून?"

"मे महिन्याच्या सुट्टीपासून."

शिगेहारुने माझ्या खांद्यावरून वाचलं. गिऱ्हाइकाच्या मानेवरचा साबण तसाच ठेवून हातांनी मला म्हणाला, "मग आज भात कोण लावणार?" आकानेला खुणा कळल्या नाहीत, पण मी हसले म्हणून ती रडायला लागली. रडायची पद्धत तुझी आहे, नाक आधी लाल होतं.

मग तिने सगळं लिहिलं. बोटं काय भराभरा चालतात आजकालच्या मुलींची. कुरोइवांकडच्यांना तू सांगितलंस, की एक थोरली बहीण होती, लहानपणी तापात गेली. छान. सोपं. मी बोलू शकत नाही, म्हणजे मी नाही. पण ती आजी जुन्या वळणाची, हे तूच मला लिहिलं होतंस ना? जुन्या वळणाची माणसं दुसऱ्याच्या घरी गेली की आधी देवघरात जातात, घंटी वाजवतात, उदबत्ती लावतात, आणि गेलेल्यांची विचारपूस करतात. बैठकीचा दिवस ठरला नि तुझ्या लक्षात आलं, की देवघरात आईबाबांच्या नावांच्या लाकडी पाट्या आहेत, मेलेल्या बहिणीची पाटी कुठाय?

आता भिक्षूंकडे जाऊन मेली म्हणून सांगता येत नाही, मठात मृतांची नोंद असते. म्हणून तिथे तू दुसरी थाप मारलीस. ताई म्हातारी झाली, मूलबाळ नाही, मरणोत्तर नाव हयातीतच घेऊन ठेवायचं म्हणते. भिक्षूंनी मला नाव दिलं, लाकडाच्या पाटीवर कोरलं, आणि रीतीप्रमाणे त्यात लाल रंग भरला.

आकाने लिहिते, तुला वाटलं बायकांची नावं लाल रंगवतात.

मोरिहिको! आयुष्यभर पोरांना अक्षरं शिकवलीस तू. कुठल्याही स्मशानात जाऊन बघ, नवऱ्याचं नाव काळं आणि शेजारी जिवंत बायकोचं नाव लाल. माणूस आहे तोवर लाल, गेलं की रंग काढतात. हे रस्त्यावरच्या मांजरालाही ठाऊक आहे. तुला नाही, कारण तू कधी कुठल्या नावाकडे नीट बघितलंच नाहीस.

तर कुरोइवा आजी पाटीपुढे बसल्या. हात जोडले. मग चष्मा काढला, पुसला, परत घातला. आणि म्हणाल्या (आकानेने जसंच्या तसं लिहून दाखवलं), "अगंबाई, यांचा मुक्काम तर अजून इथंच आहे की."

शिगेहारु हे वाचून खालीच बसला. गिऱ्हाईक म्हणे, आजोबांना बरं वाटत नाहीये का? मी चाळीसहून जास्त वर्षांत त्याला इतकं हसताना बघितलं नव्हतं. हसता हसता त्याने डोळे पुसले, आणि पुसतच राहिला, तेव्हा मी गिऱ्हाइकाची मान स्वतः धुतली.

आणि मग तू काय केलंस तेही कळलं. "आहे, जिवंत आहे, पण बहिरी आहे," म्हणालास, "पण तापाने, जन्मतः नाही, तापाने झालेली आहे!" चटईवर डोकं टेकून म्हणालास म्हणे. आजी म्हणाल्या, "असं असेल तर त्या स्वतःच मला सांगतील."

आकानेचे केस मी कापले. मान खाली घालून बसली होती, अगदी लहान पोरासारखी. तुला माहीत नसेल, पण आमच्याकडे लहान मुलांचे केस शिगेहारुच कापतो. खुर्चीच्या हातांवर फळी टाकून तो त्यांना बसवतो, आणि मी तेवढ्या वेळात मागे जाऊन टॉवेल वाळत घालते. टॉवेल नेहमीच निघतात.

जाताना तिला सफरचंदाचा मुरांबा दिला. फेकून दिली असं लिहिलं होतं, ते खोटं होतं. तुझ्यामुळे अन्न का वाया घालवू?

सध्या मृत,
किनुए


योकोते, २१ जुलै २०१९

मोरिहिको,

या खेपेस उत्तर आठ दिवसांत आलं. गरज पडली की पोस्टसुद्धा जलद चालतं.

तुझं म्हणणं थोडक्यात असं: मी कुरोइवा आजींना चार ओळी लिहायच्या, की दोन वर्षांची असताना गोवराच्या तापाने कान गेले. खोटं बोलायचं नाहीच आहे, आई नेहमी तेच सांगायची. आकानेचं लग्न होईल. आणि मग तू येऊन साक्ष देशील. वर पुन्हा लिहितोस, "वकिलालाही सांग, तापाचं पुढे करा. कायदा आनुवंशिक दोषांसाठी होता. तुझ्या बाबतीत तर तो लावलाच चुकीचा. खटला तिथेच जिंकशील."

मोजून मापून पाठवलं आहेस. तुझ्यातला उपमुख्याध्यापक निवृत्त झालाच नाही.

वकीलही तेच म्हणाला होता, तुझ्यापेक्षा सभ्यपणे. म्हणून तुला शांतपणे समजावते. मंद मुलांना समजवायची तुला सवय असेल, समजून घ्यायची नसेल.

शिगेहारु जन्मतः बहिरा आहे. त्याचा थोरला भाऊही. आता मी न्यायालयात उभी राहून म्हणायचं, अहो, माझं तर तापाने झालं, माझ्यावर सुरी चालवली ही चूक झाली. म्हणजे बाकीच्यांवर चालवली ती बरोबर होती? म्हणजे तो कायदा शहाणा होता, फक्त माझ्या दारात येताना पत्ता चुकला? आणि हे सांगून संध्याकाळी घरी येऊन मी त्याच माणसासमोर जेवायला बसायचं?

त्याला मी तुझं पत्र दाखवलं. वाचलं, घडी केली. म्हणाला, "लिही. मला काही वाटायचं नाही. मला तुझा खटला जिंकलेला बघायचाय." त्याच्या छातीचं दुखणं वाढलंय, जिने चढवत नाहीत, म्हणून घाई आहे त्याला. मी म्हटलं, "खरंच काही वाटायचं नाही?" तो म्हणाला, "वाटेल. पण मी मरणारच आहे, किती दिवस वाटेल?" असली उत्तरं देतो.

नाही लिहिणार मी.

साक्षीची मला किती गरज आहे हे तुला ठाऊक आहे. म्हणूनच तू तिला किंमत लावलीस. सरकारी वकील म्हणतात, वीस वर्षांत तक्रार करायला हवी होती, मुदत संपली. ऑपरेशन झालं बहात्तर साली, मुदत संपली ब्याण्णवला. कायदा रद्द झाला शहाण्णवला. म्हणजे कायदा जिवंत होता तेव्हाच मी त्याच्याविरुद्ध दाद मागायला हवी होती, त्याच सरकारकडे, ज्याच्या परवानगीने मला टेबलावर चढवलं. हे तोंड वर करून बोलायला त्यांना पगार मिळतो. तुझ्यात नि त्यांच्यात फरक एवढाच, की ते मला ताई म्हणत नाहीत.

आता ऐक. कुरोइवा आजींनी माझ्या पत्राची वाट बघितली नाही. मंगळवारी स्वतःच दुकानात आल्या. छोट्याशा, ताठ, किमोनो नेसलेल्या, उन्हाळ्यात. वाकून नमस्कार केला, माझ्याहून खाली. पर्समधून चिट्ठ्यांची वही काढली आणि सुंदर अक्षरात लिहिलं: "आगाऊपणाबद्दल क्षमा असावी. जन्मतः, की नंतर?"

मला वाटलं होतं, मी चिडेन. पण ते अक्षर इतकं सुबक होतं. एवढं सुबक अक्षर असलेल्या बाईने एवढंच लिहायला यावं, याची मला कीव आली. मी लिहिलं: "आजी, केस कापायचे आहेत का?"

त्यांनी परत लिहिलं: "माझ्या पणतवंडांचा प्रश्न आहे."

मी लिहिलं: "माझ्या मुलांचाही होता."

त्यांनी तो कागद वहीतून फाडला. मग नीट घडी करून पर्समध्ये ठेवला, वाकल्या आणि गेल्या. शिगेहारुने विचारलं, "दाढी करायची होती का त्यांना?"

तुझं काय व्हायचं असेल ते होवो. तू नाही आलास तरी मी उभी राहीनच.

किनुए


योकोते, १७ नोव्हेंबर २०१९

मोरिहिको,

हे पत्र तुला लगेच लिहीत नाहीये. आठवडाभर हातात कंगवा धरून विचार करत होते.

तू आलास. ते लिहून ठेवते, पुढे कुणी विचारलं तर. पण का आलास तेही लिहिते. कुरोइवांनी लग्न मोडलं म्हणून आलास. राखायला काही उरलं नाही, तेव्हा मोकळा झालास. लग्न झालं असतं तर त्या दिवशी तू काळा कोट घालून मेजवानीत साके ओतत फिरत असतास, आणि तुझ्या देवघरात मी मेलेली असते. हे मला माहीत आहे, तुलाही आहे. म्हणून मी तुझ्याकडे बघून मान हलवली नाही.

(आकाने बरी आहे. मधून मधून येते. म्हणते, जो मुलगा आजीच्या मागे उभा राहून गप्प बसतो त्याच्याशी लग्न करून मी कुणाशी बोलणार होते? आमच्यापेक्षा तिला भाषा जास्त कळते.)

मी पहिल्या रांगेत होते. तू तोंडाने बोलत होतास, दुभाषी बाईंचे हात बघून मी ऐकत होते. ऑपरेशन झालं म्हणालास. दवाखान्याचं नाव सांगितलंस. बहिणीला काय सांगितलं, असं आमच्या वकिलाने विचारलं, तर म्हणालास, "अपेंडिक्स." आवाज कसा होता मला माहीत नाही. मान खाली होती.

मग तो सरकारी वकील उठला, तो कोवळा, चकचकीत बुटांचा. म्हणाला, "आपल्या भगिनींचं बहिरेपण लहानपणीच्या तापामुळे आलेलं होतं, नाही का? म्हणजे हा कायदा त्यांना लागूच नव्हता. हा कुटुंबाचा आपसांतला निर्णय होता."

अच्छा, म्हटलं मनात. तापाचा असाही उपयोग होतो तर. जिंकायला आम्ही वापरायचा, जिंकायला त्यांनी वापरायचा. मी तुझ्याकडे बघितलं. तुला फक्त हो म्हणायचं होतं. आई नेहमी तेच सांगायची, नाही का?

तू म्हणालास, "नाही. ताप कधी आलाच नव्हता."

दुभाषी बाईंचे हात क्षणभर थांबले. मला वाटलं, त्यांचं चुकलं. मग तू पुढे बोललास नि त्या भराभर सांगू लागल्या. ती जन्मतः बहिरी होती. आमची आजी आईला म्हणायची, तुझ्या माहेरचं रक्त. म्हणून आई शेजाऱ्यांना ताप सांगायची. शेजाऱ्यांना सांगता सांगता ताईलाही तेच सांगितलं. घरात मला ठाऊक होतं. डॉक्टरांनाही आईने खरं तेच सांगितलं होतं, जन्मतः म्हणून, आणि त्यांनी त्या कायद्याखालीच केलं.

सगळ्यांच्या देखत. वर्तमानपत्रवाले बसले होते. सत्तराव्या वर्षी, भर न्यायालयात, दुसऱ्या बाईच्या हातांतून मला कळलं, की मला कधी ताप आला नव्हता.

मोरिहिको, मी तुला तापावरून एवढं लांबलचक पत्र लिहिलं होतं. मोठं तत्त्वाचं. तरी सांगते, त्या क्षणी मला रडू आलं, आणि ऑपरेशनसाठी नाही आलं. तो ताप माझा होता. आईने मला जवळ घेऊन बसल्याच्या, कपाळावर ओला कपडा बदलल्याच्या रात्री मी मनात रचून ठेवल्या होत्या. आई माझ्यासाठी एकदा घाबरली होती, असं मी धरून चालले होते. ते तू नेलंस. साक्ष दिलीस आणि ते नेलंस. तुझ्याकडून काहीही घेतलं तरी पेटीच्या तळाशी काहीतरी निघतंच.

मी घरी आले तेव्हा शिगेहारु पलंगावर टेकून बसला होता. मी सगळं सांगितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, या माणसाने एकदाही माझ्या तापावर शंका घेतली नव्हती. मग सरकून त्याने पलंगावर मला जागा केली आणि म्हणाला, "ये. फार उशीर केलास."

निकाल लागायचा आहे. वकील म्हणतो, मुदतीवर हरू, पण वरच्या न्यायालयात जाऊ. शिगेहारु म्हणतो, वरच्या न्यायालयाला जिने नसले तर तो येईल. पण ते झालं, माझ्या बाबतीत, माझ्या नावानिशी, हे आता त्यांच्या दप्तरात आहे. ते कुणाला पुसता येणार नाही.

राहिलं ते कोर्टाबाहेरचं. तू जिन्याशी टोपी हातात घेऊन उभा होतास. आकानेने तुला ढकललं, मी बघितलं. तू पुढे आलास आणि हात वर केलेस. कधी वापरले नव्हतेस ना इतक्या वर्षांत, पहिलीतल्या पोरासारखे अडखळत होते. दुभाषी बाई मदतीला आल्या, पण त्यांना तुझी खूण कळेना, त्या शाळेत शिकलेल्या. ती शेगडीपुढची होती. ती फक्त मला कळली. तू विचारत होतास, "ताई, रागावलीस?"

मी म्हणाले, "हो."

आणि तू हसलास. सगळं तोंडभर हसलास, कारण माझं एक वाक्य तुला मधे कुणी न येता कळलं होतं.

मूर्खा. वाक्य काय होतं तेही बघ की.

किनुए